फडक्यावरची त्रेचाळीस तोंडं

"त्यात काय एवढं? फडक्यात बांधायचं, पाण्यात सोडायचं आणि साडेतीन तास विसरून जायचं!"

लॉर्ना गेडिसनं हे वाक्य सासूच्या, म्हणजे एफीबाईंच्या, बैठकीच्या खोलीत, नणंदेच्या डोळ्याला डोळा भिडवून आणि तोंडात अर्धं बिस्किट असताना टाकलं. वाक्य टाकलं आणि बिस्किट गिळलं. उलटं केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

विषय क्लूटी डंपलिंगचा होता. स्कॉटलंडच्या या उत्तर किनाऱ्यावर, जिथं वारा माणसाला विचारल्याशिवाय घरात येतो, तिथं वाढदिवसाला केक नसतो, डंपलिंग असतं. मैदा, चरबी, मनुका, दालचिनी, काकवी सगळं कालवायचं, फडक्यात गाठोडं बांधायचं आणि मोठ्या पातेल्यात उकळत ठेवायचं. 'क्लूट' म्हणजे फडकं. बाकी या ब्रिटिश बेटावरच्या पदार्थांची नावं म्हणजे शुद्ध फसवाफसवी! 'टोड इन द होल' म्हणायचं आणि त्यात बेडूक नसतो. 'वेल्श रॅबिट' म्हणायचं आणि ससा कुठं दिसत नाही, नुसता चीज लावलेला पाव. क्लूटी डंपलिंग मात्र सज्जन. फडकं म्हणतं, तर फडकं असतं.

आणि गेडिस घराण्यातलं फडकं म्हणजे काय साधंसुधं नव्हे. एफीबाईंच्या सासूनं पिठाच्या पोत्यातून कापलेलं, एका कोपऱ्याला निळ्या दोऱ्याची गाठ असलेलं. एफीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ते त्यांच्या हातात पडलं, त्याला त्रेसष्ट वर्षं झाली. आता येत्या शनिवारी एफीबाईंना पंच्याऐंशी पूर्ण होणार होती आणि संधिवातानं बोटं अशी वाकली होती, की पातेलं सोडा, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे. तेव्हा फडकं कुणाकडे जाणार?

सगळ्यांना वाटत होतं, नेटाकडे. नेटा ही पोटची मुलगी, गावच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. अजूनही दुकानात रांग वाकडी दिसली तर टाळ्या वाजवून सरळ करणारी.

"लॉर्नाला जमेल का, आई?" नेटा म्हणाली. "तिचं मागच्या वर्षीचं कस्टर्ड आठवतंय ना? मी सुरीनं कापून खाल्लं."

त्यावर लॉर्नानं ते वरचं वाक्य टाकलं.

एफीबाई उठल्या, कपाटातून खाकी कागदाची पुडी काढली आणि लॉर्नाच्या मांडीवर ठेवली. खोलीत अशी शांतता पसरली, जशी चर्चमध्ये कुणाचा तरी फोन वाजल्यावर पसरते.

"यंदा तू कर, पोरी. नीट जमलं तर फडकं तुझ्याकडेच राहील. नाही तर नेटा आहेच. आणि ऐक, ते फडकं कधी—"

"अहो आई, मला सगळं माहितीये! तुम्ही अगदी निश्चिंत राहा!"

एफीबाईंनी तोंड मिटलं. लॉर्ना तरंगत घरी आली. छत्तीस वर्षं सून म्हणून नांदत होती, पण खरी सून ती आज झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं पुडी उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

फडकं चहाच्या रंगाचं होतं. चहाच्या म्हणजे जुन्या, विसरलेल्या, बशीत सांडलेल्या चहाच्या. त्याला त्रेसष्ट वाढदिवसांचा वास येत होता. आता, लॉर्ना गेली वीस वर्षं दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसत होती. जंतू म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. लोक देवाला घाबरतात, लॉर्ना जंतूंना घाबरायची.

"वॉटी, हे बघ तरी!" तिनं नवऱ्याला हाक मारली. "यात अन्न शिजवायचं?"

वॉटीनं पेपरातून डोकं वर केलं. "मी पन्नास वर्षं खातोय त्यातलं. जिवंत आहे."

"तुझा चेहरा बघून तसं वाटत नाही," असं म्हणून लॉर्नानं फडकं मशीनमध्ये टाकलं. नव्वद डिग्री. वर पांढऱ्या कपड्यांची पावडर दोन मापं. आणि सासूबाईंना तेवढंच बरं वाटेल म्हणून लॅव्हेंडरच्या वासाचं, कपडे मऊ करणारं औषध एक झाकण. मग आणखी एक झाकण.

दोन तासांनी तिनं मशीनचं दार उघडलं. आत फडकं नव्हतं. आत काहीतरी होतं, पण त्याला फडकं म्हणणं म्हणजे उकडलेल्या कोळ्याच्या जाळ्याला पडदा म्हणण्यासारखं होतं! त्रेसष्ट वर्षं ते कापड पिठाच्या आणि चरबीच्या थरावर तग धरून होतं. थर गेला, कापडही गेलं. निळी गाठ तेवढी शाबूत होती. आणि लॅव्हेंडरचा असा घमघमाट, की शेजारचं मांजर दोनदा शिंकलं.

लॉर्ना मशीनसमोर फरशीवर बसली ती किती वेळ बसली होती, तिलाच कळलं नाही. तिला रडायचं होतं, पण नेमकं कशासाठी रडायचं ते ठरेना. शेवटी तिनं ती लक्तरं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी आपल्या पर्समध्ये, तळाशी ठेवली. कचऱ्यात टाकायला हात धजावेना.

शनिवारी सकाळी आठ वाजता शोध सुरू झाला. पार्टी चारला. डंपलिंग दहाला पातेल्यात पडायलाच हवं. आणि घरात सुती कापड नाही! उशांचे अभ्रे नायलॉनमिश्रित. टेबलक्लॉथवर प्लॅस्टिक. गावच्या दुकानात फोन केला, तर दुकानदार म्हणाला, "गाडी पुसायचं मऊ फडकं आहे, चालेल? पिवळं."

"वॉटी, तुझे सुती रुमाल कुठं गेले?"

"मागच्या ख्रिसमसला तूच म्हणालीस ना, की रुमालात जंतू असतात? दिले टाकून."

अखेर चादरींच्या कप्प्यात, सर्वांत खाली तिला ते सापडलं. खरं म्हणजे सापडलं नाही. तिला ठाऊक होतं ते तिथंच आहे. अठ्ठावीस वर्षं तिथंच होतं.

गावच्या शाळेचं छप्पर गळायला लागलं तेव्हा नेटाबाईंनी पैसे उभे करायला सगळ्या मुलांकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं होतं आणि ते ताटं पुसायच्या फडक्यांवर छापून गावाला विकलं होतं. इथल्या प्रत्येक शाळेनं कधी ना कधी हे केलेलं असतं आणि प्रत्येक घरात असं एक फडकं असतं. बेचाळीस मुलं आणि मध्यभागी बाई. शुद्ध सुती. त्यातला उजवीकडून तिसरा, केस ताठ उभे आणि दात चारच, तो लॉर्नाचा फर्गस. वय वर्षं सहा. तो फर्गस आता चौतीस वर्षांचा होता, कॅनडात कॅल्गरीला होता आणि गेले चार वाढदिवस आजीला फोनवरच शुभेच्छा देत होता. म्हणून त्या फडक्यानं लॉर्नानं कधी एक चमचा पुसला नव्हता.

तिनं ते पाच मिनिटं नुसतं हातात धरलं. मग स्वतःशीच म्हणाली, "छापील बाजू बाहेर ठेवायची. आतली बाजू पांढरी आहे. कुणाला कळणार?"

बेत चोख होता. फडकं उकळत्या पाण्यातून काढायचं, ओट्यावर पसरायचं, त्यावर मैदा भुरभुरायचा, मिश्रण ओतायचं, वर थोडी जागा सोडून सुतळीनं बांधायचं. तिनं सगळं तस्संच केलं. फक्त उकळत्या पाण्याच्या वाफेनं चष्मा धुरकटला होता, तो काढून ठेवला होता आणि घाईत फडकं उलटं पसरलं गेलं. मैद्याच्या थराखाली बेचाळीस मुलं आणि एक बाई मिश्रणाकडे तोंड करून निमूट पडून राहिली.

दीड वाजता तिनं गाठोडं उचलून थंड पाण्यात बुडवलं, ताटात ठेवलं, सुतळी सोडली आणि फडकं सोलून काढलं.

डंपलिंग सुरेख झालं होतं! गोल, तपकिरी, चकचकीत. आणि त्याच्यावर सगळीकडून माणसं हसत होती.

साडेतीन तासांच्या उकळीत ती स्वस्तातली निळी शाई फडकं सोडून डंपलिंगच्या सालीवर राहायला आली होती. फडक्यावर नुसते पुसट डाग उरले होते. सालीवर मात्र एकूण एक भुवई स्पष्ट. मधोमध, अगदी टेंगळावर, नेटाबाई. ताणल्यामुळे नाक जरा मोठं झालं होतं. जरा म्हणजे दुप्पट!

"साल काढून टाकली तर?" वॉटीनं दारातून विचारलं. त्याचा आवाज हसू दाबल्यामुळे चिरका येत होता.

"वॉटी, साल काढलेलं डंपलिंग घेऊन तुझ्या आईसमोर जाऊ? त्यापेक्षा मी कपडे न घालता जाते!"

खरंच होतं. साल म्हणजे डंपलिंगची अब्रू. फडक्याच्या मैद्यानं ती धरते आणि शेकोटीसमोर वाळवून ती पक्की करायची असते. गावात बायकांची पारख सालीवरून होते.

लॉर्नानं साखरेची पिशवी उघडली आणि डंपलिंगवर अर्धी रिकामी केली. चेहरे दिसेनासे झाले. गोळा हिवाळ्यातल्या टेकडीसारखा पांढरा झाला. "तू स्वयंपाकघर आवर आणि मग ये," तिनं नवऱ्याला सांगितलं आणि ताट गाडीत ठेवून ती निघाली. वळणावर गाडी इतकी हळू घेतली, की मागून शवयात्रा असेल या समजुतीनं एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

एफीबाईंच्या खोलीत पंधराएक माणसं होती. नेटा दारातच उभी होती.

"बाई गं! बर्फ पडला की काय रस्त्यात?"

"साखर आहे," लॉर्ना म्हणाली.

"ती दिसतेय. खाली डंपलिंग आहे का?"

एफीबाई शेकोटीजवळच्या खुर्चीत, नवं मोतिया रंगाचं लोकरी जाकीट घालून बसल्या होत्या. त्यांनी वाकडं बोट शेकोटीपुढच्या स्टुलाकडे केलं. "इथं ठेव. शेक लागू दे. आणि फडकं कुठंय गं?"

"वाळत घातलंय, आई," लॉर्ना म्हणाली. छत्तीस वर्षांत तिनं सासूला सांगितलेलं हे पहिलं खोटं नव्हतं, पण बाकीची सगळी कस्टर्डबद्दलची होती.

"शहाणी गं माझी बाय." एफीबाईंनी तिचा हात थोपटला. लॉर्नाला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. जमिनीवर जाड गालिचा होता. काही झालं नाही.

आणि शेकोटी कामाला लागली.

साखर आधी ओली झाली. मग चकाकली. मग वरून थेंब थेंब घसरू लागली. पहिल्यांदा एक कान बाहेर आला. मग दुसरा. भलेमोठे कान. मग दोन वेण्या. मग कुणाचे तरी तीन डोळे, कारण ते पोर तेव्हा मोजायला शिकलं नव्हतं.

सगळ्यांना दिसत होतं. पण वाढदिवसाच्या घरी कुणी काही बोलतं का? खाटीक ग्रेगर स्टुलाच्या अगदी समोर बसला होता. तो घसा खाकरून म्हणाला, "वारा जरा पडलाय आज."

"हो ना, कालपेक्षा बराच," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"उद्या पुन्हा सुटेल म्हणतात."

"सुटेलच!"

बारा तोंडं बाहेर आली होती. पंधरा माणसं वाऱ्याबद्दल बोलत होती. एकानं भरती-ओहोटीचा विषय काढला, तर सगळ्यांनी त्याच्याकडे तारणहाराकडे बघावं तसं बघितलं. लॉर्नाचं तोंड शेकोटीपेक्षा लाल झालं होतं. तिनं पर्स छातीशी घट्ट धरली होती.

शेवटी टेंगळावरची साखर एकदम घसरली. नेटाच्या हातातला कप बशीवर वाजला.

"ती मी आहे!" नेटा म्हणाली.

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं.

"ते माझं नाक आहे! म्हणजे, माझं नाक असं नाहीये, पण ती मी आहे! आणि ही सगळी माझी शाळा आहे!"

मग ग्रेगरचा बांध फुटला. "बाई, हे कान माझे आहेत! मी मघापासून ओळखलं होतं, पण म्हटलं कसं बोलायचं!" एवढा सव्वाशे किलोचा माणूस, पण बाईंसमोर बोट वर करून बोलला.

"तू तेव्हा मला रंगीत खडू खाताना सापडला होतास, ग्रेगर," नेटा म्हणाली.

"हो बाई. म्हणून म्हणतो, या शाईचं मला काही वाटत नाही. त्या खडूंनी मी नाही मेलो."

खोलीत हशा पिकला. हसले नाहीत ते दोघंच. एक लॉर्ना. आणि दुसऱ्या एफीबाई. त्या डंपलिंगकडे बघत नव्हत्या. लॉर्नाकडे बघत होत्या.

"माझं फडकं कुठंय, पोरी?"

हसू विरलं. कुणी वाऱ्याचा विषय काढला नाही. लॉर्नानं पर्स उघडली, तळातून पिशवी काढली आणि एफीबाईंच्या मांडीवर ठेवली. लॅव्हेंडरचा वास शेकोटीपर्यंत पोचला.

"मी धुतलं, आई," ती म्हणाली. "मशीनमध्ये. मला वाटलं, जंतू... तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. आणि मघाशी खोटं बोलले. नेटाकडे द्यायला हवं होतं. तिनं असं केलं नसतं."

नेटानं तोंड उघडलं. लॉर्ना वाट बघत होती. पण नेटानं ते तसंच मिटलं आणि उगाच एक कप उचलून दुसरीकडे ठेवला.

एफीबाईंनी वाकड्या बोटांनी निळी गाठ चाचपली. मग लक्तरं नाकाशी धरली.

"त्रेसष्ट वर्षं," त्या म्हणाल्या. "त्रेसष्ट वर्षं दर वाढदिवसाला मला वाटायचं, हे घाणेरडं फडकं एकदा साबणात बुडवावं. एकदाच. सासूचा धाक! ती जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी माझी छाती झाली नाही." त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. "छान येतोय गं वास."

लॉर्नाला आता रडायचं कशासाठी ते कळलं. ती तिथंच, पंधरा माणसांसमोर, पर्सच्या झाकणात तोंड घालून रडली.

"पुरे आता. डंपलिंग गार होईल," एफीबाई म्हणाल्या. "यात फर्गस कुठंय?"

"डाव्या कुशीला, आई," नेटा हळूच म्हणाली. "उलटा उमटलाय ना. केस ताठ आहेत तो."

"तेवढा तुकडा मला काप. आज खाणार नाही. नेहमीसारखा उद्या सकाळी परतून खाईन. चार वर्षांनी येतोय माझ्या वाढदिवसाला." तुकडा कागदी रुमालात गुंडाळून त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला, एखाद्या पाहुण्याला बसवावं तसा. "आणि लॉर्ना, ते शाळेचं फडकं आता आपलं डंपलिंगचं फडकं. शाई गेली तर गेली, पोरं त्याच्यावर होती ना? तुझ्याकडेच ठेव. पुढच्या वर्षी तूच करायचं. फक्त एक ऐक..."

"साबण लावायचा नाही," लॉर्ना नाक पुसत म्हणाली. "कधीच नाही. शपथ, आई!"

मग डंपलिंग वाटलं गेलं. ग्रेगरनं आपले दोन्ही कान मागून घेतले. नेटानं स्वतःचं नाक कस्टर्डमध्ये बुडवून खाल्लं आणि म्हणाली, "कस्टर्ड ओतता येतंय यंदा." लॉर्नाच्या आठवणीत नेटानं केलेलं हे पहिलं कौतुक.

साडेपाचला वॉटी आला. केस विंचरलेले, चेहऱ्यावर कर्तबगारी. तो बायकोच्या कानाशी वाकला.

"सगळं चकाचक करून आलोय. ओटा, पातेलं, फरशी. आणि तुझं ते निळे डाग पडलेलं चिकट फडकं होतं ना ओट्यावर? तेही मशीनला लावलं."

लॉर्नानं त्याच्याकडे बघितलं.

"नव्वदवर," वॉटी अभिमानानं म्हणाला. "जंतू नकोत ना तुला."

तिला ओरडायचं होतं. पण कोणत्या तोंडानं ओरडणार? तिनं त्याला डंपलिंगचा एक तुकडा दिला. त्यावर शाळेत गाणं चुकणाऱ्या कुठल्याशा मुलीची हनुवटी होती.

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला.

"उठलीस का गं?" एफीबाईंचा आवाज तरतरीत होता. "फर्गसला आत्ताच परतलं. लोण्यात, बेकनच्या दोन पट्ट्यांबरोबर. केस कुरकुरीत झाले हो! आणि मुख्य म्हणजे, साबणाचा वास अज्जिबात नाही."

"हो का, आई?"

"डंपलिंगचं सगळं मर्म त्यात असतं. नवं फडकं जपून ठेवलंयस ना?"

लॉर्नानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या अंगणात बघितलं.

"वाळत घातलंय, आई," ती म्हणाली. या वेळी ती खोटं बोलत नव्हती.

दोरीवर ते फडकं वाऱ्यात फडफडत होतं, दवाखान्यातल्या चादरीसारखं पांढरंशुभ्र. त्याच्यावर एकही जंतू नव्हता. आणि एकही तोंड नव्हतं.